कानाची खूण

पाचव्या दिवशी बेंबीचा देठ लाल झाला.
डॉक्टर आर्मगारने बोट टेकवलं, उचललं,
मग खिडकीबाहेर पाहिलं.
धुकं. आज एकही विमान उडणार नाही.
कोपनहेगनला जायची रक्ताची नळी
फ्रिजमध्ये माझ्या दुधाच्या बाटलीशेजारी
रात्रभर उभी राहिली.

पांढऱ्या पेशी तेवढ्या इथेच मोजल्या होत्या.
एका जातीच्या जवळजवळ नाहीतच, म्हणाली,
सगळ्यांआधी धावून जाणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या.
तीन किलो दोनशे ग्रॅमच्या त्या जिवात
सगळं होतं,
नखंसुद्धा वाढून आलेली,
फक्त राखण नव्हती.

उत्तर नवव्या दिवशी आलं.

पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाहीवर
एक जनुक असतं.
त्याचं काम एवढंच
की त्या पेशीच्या अंगावर मूठ उगवायची,
प्रतिपिंडाचं शेपूट धरणारी.
माझ्याकडे ते नाही.
आईकडून आलं नाही, बापाकडूनही नाही.
एकतीस वर्षं मी त्याच्यावाचून
कॉड साफ केले, बोटं कापून घेतली,
आणि प्रत्येक जखम वेळेवर भरली.
जे मुळात नव्हतंच
त्याची कळ कुठून उठणार?

होग्नीकडे होतं.
हनुवटीवरच्या खळीसोबत
त्याने ते मुलीला देऊन टाकलं, न विचारता,
बाप देतात तसं.
माझ्या रक्ताने ती मूठ पाहिली,
उभ्या जन्मात न पाहिलेली,
आणि ठरवलं, परकी आहे.

नाळेतून मी काय काय पाठवलं.
साखर, लोह, झोप,
आईच्या गोवराची आठवण,
आणि त्याच गाठोड्यात
पकडणाऱ्या मुठीलाच पकडणारे हे.

सामल, माझा सासरा, बाहेर बाकावर बसलेला,
स्वेटरला ओल्या लोकरीचा वास.
त्याला कसं सांगायचं?
मेंढ्यांमधून सांगितलं.
शरदात कळप डोंगरावरून खाली हाकतात,
दगडी वाड्यात अंधार पडतो,
तरी सामल नुसत्या अंगठ्याने कान चाचपतो.
टोकाला काप, मागे खाच, म्हणजे आपली.
नाहीतर दुसऱ्याची, बाजूला काढ.

तो ऐकत राहिला.
"म्हणजे कोकरू तुझंच," म्हणाला,
"पण कान आमचा."
बऱ्याच वेळाने,
"आणि तुझ्या कळपात कुणाचा कानच कापलेला नाही."
नाही, म्हटलं.
"मग कुत्र्याचा काय दोष."

मी मात्र त्या रात्री
कुंपणच शेत खातं, ते कुंपण मीच,
असं घोकत काचेच्या पेटीपाशी बसले.
सलाईनचा थेंब. दुसरा थेंब.
मांडीत टोचायची एक सुई, रोज, पेशींना जागवणारी.
दूध पाज, आर्मगार म्हणाली,
दुधाने काही होत नाही.
मी दोनदा विचारलं.
तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा हात धरून.

खरं औषध वेगळंच होतं.
तिच्या रक्तातली मी
दर तीन आठवड्यांनी निम्मी होत गेले.
निम्मी. निम्म्याची निम्मी.
आणि मी जशी ओसरले
तशा तिच्या पेशी वर आल्या,
शंभर, चारशे, मग एका मंगळवारी
दोन हजार शंभर.
कुठल्या आईने असा हिशेब ठेवला असेल,
स्वतःच्या वजाबाकीचा,
आणि कागद उशीखाली घेऊन झोपली असेल?

माझ्यात ते अजून आहेत.
पुढच्या वेळी सांगून ठेवा, फाइलीवर लाल शिक्का.
पुढची वेळ. बघू.

अकराव्या आठवड्यात घरी आणलं.
सामलने चुलीपाशी हात शेकले,
तिच्या कानाची पाळी अंगठ्याने चाचपली,
लख्ख उजेडात, डोळे मिटून.
काही बोलला नाही.
ती शिंकली.
आम्ही तिघेही एकदम उठलो.